गाडीच्या एसीत गॅस खरोखर कमी झाला आहे का, हे कसे ओळखावे

गाडीचा एसी पूर्वीसारखा गार करत नाही अशी तक्रार केली की जवळजवळ सगळीकडून एकच उत्तर येते: गॅस कमी झाला असेल, भरून घ्या. हे उत्तर पुष्कळदा बरोबरही निघते. पण ते तपासणीच्या अखेरीस यायला हवे, आरंभी नव्हे. कारण गॅस पूर्ण प्रमाणात असतानाही एसी गार न करण्याची कारणे बरीच आहेत, आणि गॅस खरोखर कमी असेल तर तो गेला कुठे हा प्रश्न भरून घेतल्यावरही तसाच मागे उरतो. इंधन जळून संपते, इंजिन ऑइल वापराने खराब होते. एसीतला गॅस मात्र जळत नाही आणि वापराने झिजतही नाही. तो बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षे फिरत राहावा, अशीच त्या यंत्रणेची रचना असते. म्हणूनच याआधी गॅस कधी भरला होता यापेक्षा, आत्ता आत किती गॅस आहे आणि तो कमी असेल तर कोठून बाहेर पडला, हे शोधणे महत्त्वाचे ठरते.

एसी गार कसा करतो

तपासणी समजण्यासाठी गॅसचा फेरा थोडक्यात माहीत असायला हवा. कॉम्प्रेसर गॅसला दाबतो, त्यामुळे गॅसचा दाब आणि तापमान दोन्ही चढतात. हा तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, तेथे बाहेरच्या हवेला उष्णता देतो आणि त्याचा द्रव होतो. पुढे हा द्रव ओलावा शोषून घेणाऱ्या ड्रायरमधून एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रापर्यंत येतो. छिद्राच्या पलीकडे दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये, हा द्रव उकळू लागतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो ब्लोअरने कॉइलवरून ढकललेल्या हवेतून घेतो. तीच हवा गार होऊन आपल्या अंगावर येते आणि वायुरूप झालेला गॅस पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो.

या सगळ्याचे मर्म एका गोष्टीत आहे: द्रव कोणत्या तापमानाला उकळेल हे त्याच्यावरचा दाब ठरवतो. अनेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस मोकळ्या वातावरणात उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. दाब मोजणाऱ्या गेजवर सुमारे २ बार (बार हे दाबाचे एकक) दाब असताना तो शून्याच्या किंचित वर उकळतो, आणि सुमारे १४ बार दाबाला त्याचा उत्कलनबिंदू ५५ अंशांच्या आसपास जातो. म्हणजेच कूलिंग कॉइलमध्ये २ बार दाब राखला तर कॉइल बर्फ न धरता जेमतेम शून्याच्या वर राहते, आणि कंडेन्सरमध्ये १४ बार दाब असेल तर बाहेर ४० अंशांचे ऊन असतानाही गॅस आपली उष्णता बाहेर टाकून द्रव होऊ शकतो. पुढे येणारी प्रत्येक तपासणी, मग ती हाताने केलेली असो वा गेजने, शेवटी याच दोन दाबांचा अंदाज घेत असते.

गॅस कमी झाला की कॉइलपर्यंत पुरेसा द्रव पोहोचत नाही. कॉइलच्या सुरुवातीच्या भागातच सगळा द्रव उकळून जातो आणि उरलेला भाग नुसता कोमट वायू वाहून नेतो. कमी दाबाच्या बाजूचा, म्हणजे व्हॉल्व्हपासून कॉम्प्रेसरपर्यंतचा, दाब आणखी खाली जातो, त्यामुळे कॉइलच्या तोंडाशी तापमान शून्याखाली उतरून तेथे बर्फ धरू शकतो, आणि तरीही एकूण हवा पुरेशी गार होत नाही. याहून गंभीर गोष्ट म्हणजे कॉम्प्रेसरचे वंगण तेल याच गॅसबरोबर फिरत असते आणि परत येणाऱ्या थंड गॅसमुळेच कॉम्प्रेसरही थंड राहतो. गॅस फार कमी असताना कॉम्प्रेसर चालत राहिला, तर त्याला तेल कमी पडते, तो तापतो आणि आतून खरवडला जातो. म्हणून बहुतेक गाड्यांत दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की कॉम्प्रेसर चालूच होऊ न देणारा स्विच किंवा सेन्सर असतो. तो तारेने जोडून टाळायचा आणि कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवायचा, ही युक्ती काही ठिकाणी केली जाते. ती करू नये आणि कोणाला करूही देऊ नये.

बंद यंत्रणाही शंभर टक्के बंद नसते, हेही मान्य केले पाहिजे. रबरी नळ्यांच्या भिंतींमधून आणि कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्याच्या सीलमधून वर्षभरात थोडा गॅस झिरपतो. निरोगी यंत्रणेत हे प्रमाण काही ग्रॅमपासून काही दशग्रॅमपर्यंत असते. साधारण मोटारीत एकूण गॅस ४०० ते ८०० ग्रॅम असतो आणि ड्रायरमध्ये थोडा साठा राखीव असतो, त्यामुळे हा ऱ्हास जाणवायला बरीच वर्षे लागतात. गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात पुन्हा कमी पडत असेल, तर ते नैसर्गिक झिरपणे नव्हे. कोठे तरी गळती आहे असेच समजावे.

गॅसशी संबंध नसलेली कारणे आधी तपासावीत

सर्वांत आधी हवेचा जोर पाहावा. ब्लोअर पूर्ण वेगावर असताना व्हेंटमधून येणारी हवा थंड असेल पण थोडीच येत असेल, तर दोष बहुधा केबिन फिल्टरमध्ये असतो. हा फिल्टर धूळ, पाने आणि केस यांनी गच्च भरला की कॉइल गार असूनही तिचा गारवा आत पोहोचत नाही. फिल्टर काढून उजेडासमोर धरून पाहणे हे काम बहुतेक गाड्यांत काही मिनिटांचे असते, आणि तरीही ते सर्रास वगळले जाते.

दुसरी पाहणी कंडेन्सरची. गाडीच्या तोंडाशी असल्यामुळे त्याच्या बारीक पात्यांत चिखल, किडे आणि धूळ अडकते. त्याच्या मागचा पंखा एसी चालू केल्यावर फिरायला हवा. काही गाड्यांत तो दाब वाढल्यावरच सुरू होतो, म्हणून दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. गाडी वेगात असताना एसी चांगला गार करतो आणि सिग्नलवर थांबली की कोमट हवा येऊ लागते, या तक्रारीत पहिला संशय पंख्यावर आणि कंडेन्सरवरून जाणाऱ्या हवेवर घ्यावा. गॅस थोडा कमी असतानाही असेच होऊ शकते, कारण थांबलेल्या गाडीत कॉम्प्रेसर संथ फिरतो. त्यामुळे या एका लक्षणावरून निष्कर्ष काढू नये, पण पंखा तपासल्याशिवाय पुढेही जाऊ नये.

तिसरे कारण डॅशबोर्डच्या आत दडलेले असते. गार आणि गरम हवेचे मिश्रण करणारी झडप अर्धवट उघडी राहिली, तर कॉइलवर गार झालेली हवा हीटरवरून जाऊन पुन्हा तापते. तापमानाची कळ अगदी थंडपासून अगदी गरमपर्यंत फिरवून झडप हलते की नाही हे ऐकावे. बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद होत नसेल, तरीही एसीवर अकारण भार पडतो. याशिवाय इंजिन जास्त तापले की पुष्कळ गाड्यांतील संगणक कॉम्प्रेसर बंद करतो. तेव्हा एसी बंद पडणे हे इंजिनाच्या दुखण्याचे लक्षण असते आणि त्यावर गॅस भरणे हा उपाय नसतो.

थर्मामीटर आणि त्याची मर्यादा

‘आज कमी गार वाटते’ ही भावना तपासणीच्या कामाची नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतले आसन, डॅशबोर्ड आणि छत बराच वेळ उष्णता सोडत राहतात, त्यामुळे उत्तम एसीही पहिली काही मिनिटे दुबळा वाटतो. साधा, बारीक दांड्याचा थर्मामीटर घ्यावा. गाडी सावलीत उभी करावी, इंजिन तापू द्यावे, तापमान सर्वांत थंडवर, हवा आतल्या आत फिरवण्याच्या कळीवर आणि ब्लोअर जोरात ठेवावा. काचा व दारे बंद ठेवून इंजिन मिनिटाला सुमारे १५०० फेऱ्यांवर पाच ते दहा मिनिटे चालवावे, आणि थर्मामीटरचे टोक मधल्या व्हेंटमध्ये आतवर, कडांना न टेकेल असे धरावे. ही चाचणी मोकळ्या जागेतच करावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवत ठेवणे जिवावर बेतू शकते.

बाहेर २५ ते ३० अंश आणि हवा कोरडी असेल, तर निरोगी एसीची हवा साधारण ५ ते १० अंशांपर्यंत उतरते. बाहेर ४० अंश आणि हवेत दमटपणा असेल, तर १२-१५ अंशांचा आकडाही दोष दाखवत नाही. दमटपणाचा परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. कॉइलला हवा गार करण्याबरोबर हवेतल्या वाफेचे पाणीही करावे लागते, आणि एक ग्रॅम वाफेचे पाणी करताना जेवढी उष्णता काढून घ्यावी लागते तेवढ्यात सुमारे २.४ किलो हवा एका अंशाने थंड झाली असती. दमट दिवशी एसीची बरीच ताकद या कामात जाते. म्हणून चालू एसीच्या गाडीखाली टपकणारे स्वच्छ पाणी पाहून घाबरू नये. कॉइल थंड असल्याची ती चांगली खूण आहे. उलट दमट हवेत, पाणी बाहेर सोडणारी नळी मोकळी असतानाही एक थेंब पडत नसेल, तर कॉइल पुरेशी थंड होत नाही असा संशय घेण्यास जागा आहे.

थर्मामीटर एवढेच सांगतो की एसी नीट काम करतो की नाही. का करत नाही, हे तो सांगत नाही. शिवाय राखीव साठ्यामुळे थोडा गॅस गेला तरी व्हेंटचे तापमान जवळजवळ तेच राहते आणि मग एका टप्प्यानंतर झपाट्याने बिघडते. नव्या गाड्यांत एकूण गॅसच कमी भरलेला असतो, त्यामुळे तेथे थोडी घटही लवकर जाणवते. गाडी निरोगी असतानाच एकदा हे माप घेऊन, त्या वेळचे बाहेरचे तापमान आणि हवेचा दमटपणा यांसह लिहून ठेवले, तर पुढे तुलना करायला खरा आधार मिळतो.

बॉनेट उघडून काय दिसते आणि काय ऐकू येते

बेल्टवर चालणाऱ्या अनेक कॉम्प्रेसरना क्लच, म्हणजे कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा आणि सोडवणारा भाग, असतो. एसीचे बटण दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो, पुलीचा पुढचा भाग फिरू लागतो आणि इंजिनाचा सूर क्षणभर बदलतो. गॅस कमी असलेल्या यंत्रणेत क्लच लागतो, कॉम्प्रेसर कमी दाबाच्या बाजूचा थोडासा गॅस क्षणात ओढून घेतो, दाब मर्यादेखाली जातो, स्विच क्लच सोडतो, दाब पुन्हा चढतो आणि क्लच पुन्हा लागतो. काही सेकंदांच्या अंतराने ही टकटक चालू राहिली आणि व्हेंटमधली हवा मात्र कोमटच राहिली, तर गॅस कमी असल्याचा संशय बळावतो. थंड हवामानात, आतली हवा छान गार असताना, क्लच वारंवार सुटणे हे मात्र साहजिक आहे. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून थर्मोस्टॅटच तसे करतो. आवाजासोबत हवेचे तापमान पाहिले तरच या खुणेला अर्थ येतो. ज्या कॉम्प्रेसरची ओढ कमी-जास्त होते, ते गरजेप्रमाणे स्वतःच काम कमी करतात आणि त्यांच्यापैकी काहींना क्लचच नसतो. अशा गाड्यांत या टकटकीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

नळ्यांना हात लावून पाहण्याची जुनी पद्धत अजूनही उपयोगी आहे, मात्र ती सांभाळून करावी. कॉम्प्रेसरकडे परत येणारी जाड नळी थंड आणि दमट हवेत घामेजलेली असते. कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणारी बारीक नळी इतकी तापते की हात भाजू शकतो, म्हणून तिला थेट हात लावू नये. दोन्हींच्या तापमानात फारसा फरक नसेल, तर एक तर गॅस कमी आहे किंवा कॉम्प्रेसर दाबच तयार करत नाही. हे सगळे करताना सैल कपडे, ओढणी आणि केस बेल्टपासून दूर ठेवावेत, आणि रेडिएटरचा पंखा पूर्वसूचना न देता कधीही सुरू होतो हे विसरू नये.

डोळ्यांना दिसणारी सर्वांत बोलकी खूण म्हणजे तेलकट डाग. गॅस जेथून सुटतो तेथून थोडे तेलही बाहेर येते आणि त्यावर धूळ चिकटते. नळ्यांचे सांधे, कॉम्प्रेसरचा पुढचा भाग, सर्व्हिस पोर्ट (गेज जोडण्याची व गॅस भरण्याची तोंडे) आणि कंडेन्सरचा खालचा भाग या जागा बारकाईने पाहाव्यात. जुन्या गाड्यांत ड्रायरवर काचेची छोटी खिडकी असते आणि तिच्यात बुडबुडे दिसले की गॅस कमी, असा ठोकताळा होता. आर-१२ हा जुना गॅस असलेल्या यंत्रणांत तो बऱ्यापैकी चालत असे. आर-१३४ए असलेल्या गाड्यांत गॅस बरोबर असतानाही बुडबुडे दिसू शकतात, आणि सगळा गॅस गेल्यावर काच स्वच्छच दिसते. तेव्हा त्या खिडकीवर विसंबू नये.

गेज काय सांगते

गेज लावल्यावर पहिले माप बंद गाडीचे घ्यावे. इंजिन कित्येक तास बंद असेल आणि सगळी यंत्रणा आजूबाजूच्या हवेइतक्याच तापमानाला आली असेल, तर दोन्ही बाजूंचा दाब एकसारखा होतो आणि तो त्या तापमानाशी जुळणारा असतो. आर-१३४एसाठी २० अंशांना सुमारे ४.७ बार, म्हणजे ६८ पीएसआय (दाबाचे दुसरे एकक). ३० अंशांना सुमारे ६.७ बार, म्हणजे ९७ पीएसआय. याच आकड्यावरून सर्वांत मोठी चूक होते. गेजवर ९५ पीएसआय दिसले की ‘गॅस भरपूर आहे’ असे सांगितले जाते, परंतु द्रवरूप वायूच्या बंद टाकीत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी टाकी भरलेली असो वा तळाला आलेली, आतला दाब तोच राहतो. एसीचेही अगदी तसेच आहे. हा दाब आत थोडा तरी द्रव आहे एवढेच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. दाब तापमानाच्या हिशोबापेक्षा स्पष्टपणे कमी असेल तर द्रव संपला आहे आणि गळती मोठी आहे हे नक्की. हिशोबापेक्षा जास्त असेल तर आत हवा शिरली असावी किंवा दुसराच गॅस मिसळला असावा. आणि कॉम्प्रेसर मुळीच सुरू होत नसताना दाब हिशोबाप्रमाणे असेल, तर गॅसचा नाद सोडून फ्यूज, रिले, क्लचची कॉइल आणि सेन्सर तपासावेत.

इंजिन चालू केल्यावर दोन्ही बाजूंचे दाब वेगळे होतात. बाहेर तिशीच्या आसपास तापमान असताना कमी दाबाची बाजू साधारण २५ ते ४५ पीएसआय आणि जास्त दाबाची बाजू २०० पीएसआयच्या आगेमागे असणे ठीक मानले जाते. नेमके आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तापमानानुसार दिलेले असतात आणि तेच ग्राह्य धरावेत. दोन्ही दाब कमी असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. कमी बाजू चढलेली आणि जास्त बाजू उतरलेली असेल, तर कॉम्प्रेसर थकला आहे. कमी बाजू जवळजवळ शून्यावर किंवा त्याखाली गेली असेल, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबला असावा. दोन्ही दाब जास्त असतील, तर कंडेन्सरला हवा मिळत नाही, आत हवा आहे किंवा गॅस प्रमाणाबाहेर भरला आहे.

यातली शेवटची शक्यता विशेष लक्षात ठेवावी. गॅस जास्त झाला की कंडेन्सरचा काही भाग द्रवानेच भरून जातो, उष्णता टाकायला जागा कमी उरते, दाब चढतो आणि एसी कमी गार करू लागतो. गाडीच्या मालकाला लक्षण दिसते ते गॅस कमी असल्यासारखेच. मग आणखी गॅस भरला जातो आणि प्रकरण चिघळते. दाब फार चढला की सुरक्षा स्विच कॉम्प्रेसर थांबवतो, आणि द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर त्याचे आतले भाग तुटू शकतात. घरच्या घरी भरण्यासाठी मिळणाऱ्या गॅसच्या डब्यांबद्दल माझा आक्षेप यासाठीच आहे. त्यांच्यावरचे छोटे गेज फक्त कमी दाबाची बाजू दाखवते, आणि त्या एका आकड्यावरून गॅस कमी आहे की जास्त, हे ठरवता येत नाही. काही डब्यांत गळती बुजवणारे रसायनही मिसळलेले असते. ते व्हॉल्व्हमध्ये गोठू शकते आणि पुढे गाडी ज्या वर्कशॉपमध्ये जाईल तेथील यंत्रही खराब करू शकते.

वजन हाच खरा पुरावा

आत किती गॅस आहे याचे निर्णायक उत्तर एकाच प्रकारे मिळते: सगळा गॅस यंत्राने ओढून काढायचा आणि त्याचे वजन करायचे. बॉनेटखालच्या लेबलवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधले प्रमाण छापलेले असते. लेबलवर ५५० ग्रॅम असेल आणि यंत्राने ५२० ग्रॅम काढले, तर गॅस कमी नव्हता. दोष अन्यत्र शोधायचा. ३०० ग्रॅमच निघाले, तर तक्रारीचे कारण सापडले आणि गळती शोधण्याचे काम सुरू झाले. थंड गाडीतून सगळा गॅस सहज निघत नाही, म्हणून इंजिन थोडे गरम असताना हे काम केलेले बरे.

गॅस काढल्यानंतर व्हॅक्यूम पंप लावतात. त्यामागचे मुख्य कारण पाणी आहे. आत शिरलेला ओलावा गॅस आणि तेलाशी मिसळून आम्ल बनवतो, धातू खातो, आणि व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठून वाट अडवतो. दाब पुरेसा खाली नेला की हे पाणी साध्या तापमानाला उकळून वाफेच्या रूपाने निघून जाते. ३० अंशांना पाणी सुमारे ४२ मिलिबार दाबाला उकळते आणि पंप त्याच्याही बराच खाली जातो. यासाठी अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो. पाच मिनिटे पंप लावून गॅस भरला, तर ओलावा आतच राहिला असे समजावे. यंत्रणा बराच काळ उघडी राहिली असेल, तर ड्रायर बदलणेच योग्य.

पंप बंद केल्यावर व्हॅक्यूम टिकतो का हे पाहतात. न टिकल्यास मोठी गळती आहे हे सिद्ध होते, पण टिकल्यास गळती नाही असे सिद्ध होत नाही. व्हॅक्यूममध्ये आतबाहेरचा फरक फक्त एका बारचा असतो आणि हवेचा दाब सांधे आतल्या बाजूला दाबून धरतो. चालू एसीत मात्र गॅस १४-१५ बार दाबाने बाहेर पडायला पाहतो. बारीक गळतीसाठी नायट्रोजन दाबाने भरून सांध्यांना साबणाचे पाणी लावणे, गॅसचा माग घेणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर फिरवणे, किंवा तेलात मिसळणारा रंग भरून काही दिवसांनी अतिनील प्रकाशात पाहणे हे मार्ग आहेत. डॅशबोर्डमागची कॉइल गळत असेल तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने पाणी सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरून तिचा शोध घेतात.

गॅसचा प्रकार जुळणे हे प्रमाणाइतकेच आवश्यक आहे. आर-१२ ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर मागे पडला आणि आर-१३४ए आला. त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट धरली जाते, म्हणजे अर्धा किलो गॅस हवेत सोडणे हे सुमारे ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. म्हणून आता बऱ्याच नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो; युरोपीय संघात २०१७ पासून सर्व नव्या मोटारींना १५० पटींहून कमी क्षमतेचाच गॅस वापरावा लागतो. हे गॅस एकमेकांत मिसळू नयेत. आर-१२३४वायएफ मंदपणे का होईना पेट घेऊ शकतो, आणि त्याच्यासाठी वेगळे यंत्र लागते. कोणताही गॅस उघड्यावर सोडणे अनेक देशांत बेकायदेशीर आहे. सुटणारा द्रव त्वचेवर किंवा डोळ्यांत गेला तर गोठून इजाही होते, म्हणून गेज जोडताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

इलेक्ट्रिक आणि काही हायब्रिड गाड्यांत कॉम्प्रेसर बॅटरीच्या उच्च दाबाच्या विजेवर चालतो. तेथे तेलही वीजरोधक असावे लागते आणि चुकीचे तेल थोडे जरी मिसळले तरी विजेचा धोका निर्माण होतो. नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या की थर्मामीटरच्या पलीकडची कोणतीही तपासणी प्रशिक्षित माणसावर सोपवावी.

वर्कशॉपमधून परत येताना चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: किती ग्रॅम गॅस निघाला, किती ग्रॅम भरला, किती तेल घातले आणि गळती कोठे सापडली. यातला पहिला आकडा बहुतेक बिलांवर लिहिलेला नसतो, तरी यंत्राने तो नोंदवलेला असतो आणि विचारल्यावर मिळतो. पुढच्या वेळी पुन्हा वजन झाले की दोन नोंदींमधल्या फरकाला मधल्या महिन्यांनी भागावे. महिन्याला एक-दोन ग्रॅमच जात असतील तर ते साधे झिरपणे आहे. वीस-पंचवीस ग्रॅम जात असतील तर गळणारा भाग बदलल्याशिवाय पुन्हा गॅस भरू नये.